युक्तीची किंमत

शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, हे आपल्याकडे पाळण्यातल्या मुलालाही शिकविले जाते. चिमुकल्या सशाने मत्त सिंहाला विहिरीत कसे लोटले, ही कथा ऐकत आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या. त्या सशाला मात्र सिंहाची गाठ एकदाच घ्यावयाची होती. दर आठवड्याला नव्या अरण्यात नवा सिंह पुढे उभा राहिला असता आणि असे बारा वर्षे चालले असते, तर त्या सशाचे काय झाले असते, याचा विचार कथाकाराने केलेला नाही. व्यावसायिक टेनिसच्या जगात हा प्रयोग खरोखरच घडला. पोलंडच्या अग्निएश्का रादवान्स्का हिने 2006 पासून 2018 पर्यंत तो करून दाखविला आणि त्याचा जमाखर्च आज आपल्यापुढे आहे.

14 नोव्हेंबर 2018 रोजी अग्निएश्काने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा तिने वयाची तिशीही गाठली नव्हती. एकेरीची 20 विजेतेपदे, जागतिक क्रमवारीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत मजल, विम्बल्डनची अंतिम फेरी आणि वर्षअखेरच्या जागतिक स्पर्धेचे अजिंक्यपद एवढी तिची मिळकत होती. तरीही तिच्या गौरवपर लिखाणांतून एक ‘परंतु’ डोकावत राहिला. चार महास्पर्धांपैकी एकही तिला जिंकता आली नाही, हा तो ‘परंतु’. तिचे चाहते याला दैवदुर्विलास म्हणतात आणि टीकाकार म्हणतात, तिच्या खेळात दमच नव्हता. आम्हांस ही दोन्ही मते उथळ वाटतात.

अग्निएश्काचा जन्म 6 मार्च 1989 चा, क्राकोव्ह या प्राचीन राजनगरीतला. त्याच वर्षी जून महिन्यात पोलंडमध्ये ती ऐतिहासिक निवडणूक झाली आणि साम्यवादी राजवटीचा पाया ढासळला. वडील रॉबर्ट हे स्वतः टेनिसपटू व शिक्षक. जर्मनीतील एका क्लबात ते शिकवीत असताना या मुलीच्या हाती प्रथम रॅकेट आले. मागाहून कुटुंब क्राकोव्हला परतले आणि अग्निएश्का व तिची धाकटी बहीण उर्शुला या दोघींचा सराव वडिलांच्याच देखरेखीखाली चालू राहिला.

पोलंड हा टेनिसची मोठी परंपरा सांगणारा देश नव्हे. याद्विगा येंजेयोव्स्का ही 1937 साली विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात डोरोथी राउंडविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये 4-1 अशी पुढे असताना हरली. 1939 साली पॅरिसलाही तिने अंतिम फेरी गाठली. त्यानंतर महायुद्ध आले आणि सारेच संपले. पुढे पुरुषांत वोयचेक फिबाक 1977 साली जगातील पहिल्या दहांत पोहोचला. या दोन नावांपलीकडे सांगण्यासारखे फारसे नव्हते. अशा देशातील मुलीने 2005 साली विम्बल्डनची आणि 2006 साली पॅरिसची कुमारी गटाची स्पर्धा जिंकली, तेव्हा लोकांच्या भुवया उंचावल्या असल्यास नवल नाही. 2007 साली स्टॉकहोम येथे तिने पहिले विजेतेपद मिळविले. महिलांच्या व्यावसायिक दौऱ्यावर एकेरीची स्पर्धा जिंकणारी ती पहिलीच पोलिश खेळाडू.

तिचा खेळ ज्यांनी पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. तिच्या काळात महिला टेनिसचे रूप पालटून गेले होते. विल्यम्स भगिनी, शारापोवा, क्विटोव्हा, अझारेन्का या उंच, बळकट, चेंडूला अक्षरशः झोडपून काढणाऱ्या खेळाडू. दोन-तीन फटक्यांत गुणाचा निकाल लावणे, ही त्यांची रीत. अग्निएश्काच्या अंगी हे बळ नव्हते. तिची पहिली सर्व्हिस बेताची आणि दुसरी तर प्रतिस्पर्ध्याला आमंत्रण देणारी. पण चेंडू कोठे पडणार हे तिला इतरांच्या आधी कळे. समोरून आलेला वेग ती स्वतःच्या रॅकेटवर घेई आणि दिशा बदलून तोच परत करी. म्हणजे भांडवल दुसऱ्याचे आणि व्यापार हिचा! खोल आलेल्या चेंडूसाठी मागे न सरकता ती बेसलाइनवरच गुडघे मोडून जवळजवळ जमिनीवर बसे आणि त्या विचित्र बैठकीतून चेंडू नेमका कोपऱ्यात धाडी. जाळीलगत अलगद टाकलेला चेंडू, डोक्यावरून काढलेला लॉब, पाठ वळवून मारलेला फटका, हे सारे तिच्या पोतडीतले जिन्नस. वर्षातील सर्वोत्तम फटक्यासाठी प्रेक्षकांचा कौल 2013 पासून 2017 पर्यंत सलग पाच वर्षे तिच्याच पदरात पडला.

या बुद्धीला खोडकरपणाचीही जोड होती. 2007 च्या अमेरिकन स्पर्धेत तिची गाठ गतविजेत्या मारिया शारापोवाशी पडली. शारापोवा दुसरी सर्व्हिस करण्याच्या बेतात असली, की ही अठरा वर्षांची मुलगी भराभर पुढे सरके, डावी-उजवीकडे उड्या मारी. शारापोवाचा तोल सुटला, दुहेरी चुकांची माळ लागली आणि गतविजेती 6-4, 1-6, 6-2 अशी गारद झाली. हे सभ्यतेला धरून होते काय, असा प्रश्न तेव्हा काहींनी केला. नियमाला धरून होते, एवढे उत्तर आमच्या मते पुरेसे आहे. ज्याच्यापाशी तोफ नाही, त्याने गनिमी कावा वापरला तर महाराष्ट्राचा इतिहास वाचलेल्या माणसाने तरी नाक मुरडू नये.

2011 सालच्या उन्हाळ्यात तिने वडिलांचे मार्गदर्शन सोडून तोमाश विक्तोरोव्स्की या शिक्षकाची कास धरली. ज्या पित्याने घडविले, त्याच्यापासून खेळापुरते का होईना दूर होणे हा कोणत्याही घरात जिव्हारी लागणारा प्रसंग. आपल्याकडील गायनाच्या घराण्यांतही अशी उदाहरणे कमी नाहीत. निर्णय योग्य होता, हे मात्र लगेच दिसून आले. त्याच शरद ऋतूत तिने तोकियो आणि बीजिंग या दोन मोठ्या स्पर्धा लागोपाठच्या आठवड्यांत जिंकल्या आणि पुढील मार्चमध्ये मायामीच्या अंतिम सामन्यात शारापोवाला हरविले.

मग 7 जुलै 2012 हा दिवस उजाडला. येंजेयोव्स्कानंतर तब्बल 73 वर्षांनी एक पोलिश खेळाडू महास्पर्धेच्या एकेरीची अंतिम फेरी खेळत होती. विम्बल्डन जिंकले असते, तर त्यासोबत जगातील पहिला क्रमांकही तिच्याकडे आला असता. समोर सेरेना विल्यम्स होती आणि अग्निएश्का श्वसनमार्गाच्या विकाराने बेजार झालेली होती. पहिला सेट 1-6 असा गेला. मध्येच पाऊस आला, खेळ थांबला. दुसऱ्या सेटमध्ये मात्र तिने चिवटपणे एकेक गुण लांबवीत सेरेनाला चुका करावयास लावल्या आणि सेट 7-5 असा खेचून आणला. तिसऱ्यात सेरेनाने एका गेममध्ये लागोपाठ चार बिनतोड सर्व्हिस मारल्या. बिनतोड सर्व्हिसपुढे युक्ती काय करणार? चेंडू रॅकेटला लागेल, तेव्हा ना डाव रचावयाचा! तो सेट 2-6 असा गेला. सेरेनाला अधिकृत सामन्यात तिने कधीच हरविले नाही. 2015 च्या जानेवारीत पर्थ येथील हॉपमन चषकाच्या अंतिम लढतीत तिने सेरेनावर तीन सेटमध्ये मात केली आणि पोलंडने तो चषकही जिंकला. पण त्या सामन्याची नोंद अधिकृत हिशेबात धरली जात नाही.

खरी हळहळ वाटते ती 2013 च्या विम्बल्डनची. त्या वर्षी सेरेना, शारापोवा, अझारेन्का या तिघीही उपांत्य फेरीपूर्वीच बाहेर पडल्या होत्या. मागील वर्षीची उपविजेती हीच आता सर्वांत वरचे मानांकन असलेली उरली होती. योगायोग असा, की पुरुषांतही येझी यानोविच हा पोलिश तरुण उपांत्य फेरीत पोहोचला होता. समोर होती जर्मनीची साबिने लिसिकी, पोलंडमधून जर्मनीत गेलेल्या आईबापांची मुलगी. तिसऱ्या सेटमध्ये अग्निएश्का 3-0 अशी पुढे होती. तेथून लिसिकीने सामना फिरविला आणि तो सेट 9-7 असा घेतला.

हा पराभव दैवाने झाला, असे आम्ही म्हणणार नाही. त्या सामन्यात अग्निएश्का उतरली, ती मांड्यांना पट्ट्या बांधून. त्याआधीचे लागोपाठ तीन सामने तीन-तीन सेट चालले होते. प्रथम मॅडिसन कीज, मग पिरोन्कोवा, मग ली ना. हा लागोपाठचा चौथा. जोरकस फटका मारणारी खेळाडू तीन टोल्यांत गुण मिळवून मोकळी होते. युक्तीने खेळणारीला तोच गुण दहा-पंधरा फटक्यांनी विणावा लागतो आणि प्रत्येक फटक्यासाठी धावावे, वाकावे, बसावे, उठावे लागते. ज्या गुडघ्यांवर बसून केलेल्या करामतीला प्रेक्षक टाळ्या देत होते, त्या टाळ्यांचे बिल त्याच गुडघ्यांच्या नावे लिहिले जात होते. नाजूक खेळ पाहणाऱ्याला नाजूक दिसतो. खेळणाऱ्याला तो अंगमेहनतीचा असतो. हातोड्याने काम एका घावात होते, छिन्नीला मात्र शंभर वेळा चालावे लागते.

याचा पुरावा पाहिजे असल्यास 2014 ची ऑस्ट्रेलियन स्पर्धा पाहावी. दोन वर्षे सलग विजेती ठरलेल्या अझारेन्काला तिने उपउपांत्य फेरीत 6-1, 5-7, 6-0 असे पराभूत केले. बुद्धिचातुर्याचा इतका देखणा सामना त्या दशकात महिला टेनिसमध्ये क्वचितच झाला असेल. उपांत्य सामना दुसऱ्याच दिवशी होता. डोमिनिका चिबुल्कोव्हा ही तिच्याहूनही ठेंगणी खेळाडू. पण अग्निएश्काचे पाय उचलत नव्हते. 6-1, 6-2 असा तासाभरात निकाल लागला. आदल्या दिवशीची श्रेष्ठता उसनी घेतलेली होती आणि सावकार दुसऱ्याच दिवशी दारात उभा राहिला!

तरीही एकदा तिचा हिशेब पुरता जुळला. 2015 च्या ऑक्टोबर महिन्यात सिंगापूर येथे वर्षातील श्रेष्ठ आठ खेळाडूंची स्पर्धा झाली. गटातील पहिले दोन सामने, शारापोवा व पेन्नेत्ता यांच्याविरुद्धचे, ती हरली. बहुतेकांनी तिला मोडीत काढले. तिसऱ्या सामन्यात तिने सिमोना हालेपला सरळ सेटमध्ये हरविले. पलीकडे शारापोवाने पेन्नेत्ताला नमविले आणि दार किलकिले झाले. उपांत्य सामन्यात मुगुरुझाविरुद्ध पहिला सेट गमावूनही 6-7, 6-3, 7-5 असा जय आणि अंतिम सामन्यात पेत्रा क्विटोव्हावर 6-2, 4-6, 6-3 असा. या स्पर्धेत दुबळा प्रतिस्पर्धी नशिबाने वाट्याला येत नाही. येथे सारेच सिंह. महास्पर्धा जिंकली नाही म्हणून जे तिला दुय्यम ठरवितात, त्यांनी या आठवड्याचा विचार केलेला नसावा.

पुढे 2016 साली तिने बीजिंगला विसावे विजेतेपद मिळविले आणि ते अखेरचे ठरले. पायाच्या दुखण्याने पाठ सोडली नाही. क्रमवारी घसरत गेली. पूर्वीसारखा सराव आणि खेळ आता होत नाही, शरीर अपेक्षेला उतरत नाही, असे तिने निवृत्तीच्या वेळी स्पष्टपणे सांगितले. त्यात कोणावर ठपका नव्हता आणि सहानुभूतीची याचनाही नव्हती. आणखी दोन वर्षे लंगडत खेळून पैसे मिळविणे तिला सहज शक्य होते. तो मोह तिने टाळला.

तिच्या पाठोपाठ वॉर्साची इगा श्विओंतेक आली. 2020 साली पॅरिसला एकेरीतील पोलंडचे पहिले महास्पर्धा-विजेतेपद तिने मिळविले आणि 2022 च्या एप्रिलमध्ये ती जगात पहिल्या क्रमांकावर आली. त्यापूर्वीच्या डिसेंबरपासून 2024 पर्यंत तिला शिकविणारा शिक्षक तोच तोमाश विक्तोरोव्स्की. अग्निएश्काने वाट पाडली नसती तर ही मुलगी घडलीच नसती, असे आम्ही म्हणणार नाही. तसे सिद्ध करता येत नाही. पण क्राकोव्हच्या मुलीला विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात सेरेनाशी तीन सेट झुंजताना साऱ्या पोलंडने पाहिले, तेव्हा इगा अकरा वर्षांची होती. इगाचा खेळ मात्र अग्निएश्काच्या वळणाचा नाही. तिचा फोरहँड जड, वेगवान, समोरच्याला मागे रेटणारा. 2025 च्या जुलैत विम्बल्डनच्या त्याच मुख्य कोर्टावर तिने अमेरिकेच्या अनिसिमोवाला 6-0, 6-0 असे हरवून येंजेयोव्स्काच्या व अग्निएश्काच्या हातून निसटलेला चषक अखेर पोलंडला नेला. सामना 57 मिनिटांत आटोपला. लांबलेले गुण त्यात मोजकेच होते.