भूत नाही, मग दिसलं काय?

चकवा लागलेला माणूस रात्रभर चालतो आणि फिरून फिरून त्याच जागी येतो. कोकणात, घाटमाथ्यावर, कुठल्याही गावात असा अनुभव सांगणारा कुणी ना कुणी भेटतोच. वाट रोजची, ओढा रोजचा, पण त्या रात्री तेच आंब्याचं झाड पुन्हा पुन्हा समोर उभं राहतं. जाणत्यांनी त्यावर उपायही सांगून ठेवला आहे: चालणं थांबवावं, असेल तिथे बसकण मारावी, विडी पेटवावी आणि उजाडेपर्यंत हलू नये.

मी भूत मानत नाही. तरी अशी गोष्ट कुणी सांगू लागलं की लहानपणी ज्या ओढीने ऐकायचो, त्याच ओढीने आजही ऐकतो. सांगणाऱ्याच्या अंगावर वर्षांनंतरही काटा येतो. तो बनवून सांगत नसतो. त्याला ‘भास झाला असेल’ म्हणून वाटेला लावणं मला जमत नाही. भास झाला तर तो कशाने झाला, त्याच जागी का झाला, हे समजेपर्यंत चैन पडत नाही.

चकव्याचं कोडं बरंचसं सुटलं आहे. संशोधक यान साऊमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात काही जणांना नेलं, ‘सरळ चालत राहा’ एवढंच सांगितलं आणि जीपीएसवर त्यांचा माग ठेवला. हा प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. जंगलात ऊन असताना चालणारे बऱ्यापैकी सरळ गेले. आभाळ भरून आलेलं असताना चालणारे मात्र गोल फिरले आणि नकळत आपलीच वाट ओलांडून गेले. वाळवंटात रात्री निघालेला एक जण चंद्र दिसत होता तोवर नीट चालला; चंद्र ढगाआड गेला आणि तो वळत वळत आल्या दिशेला लागला. डोळे बांधून चालवलं तेव्हा काहींची वर्तुळं जेमतेम २० मीटर व्यासाची निघाली. दिशेच्या अंदाजात पावलागणिक बारीकशी चूक होते, त्या चुका साचत जातात, आणि सूर्य, चंद्र किंवा दूरचा डोंगर दिसत नसेल तर त्या दुरुस्त करायला काही उरत नाही. आता तो विडीचा उपाय पुन्हा पाहा. कारण भुताचं सांगितलं, पण इलाज अगदी बरोबर: उजाडलं की दिशा सापडते. गावच्या शहाणपणाबद्दलचा माझा आदर अशा ठिकाणी वाढतो.

मेलेल्यांचे आत्मे बोलावण्याचा प्लँचेटचा खेळही अनेक मराठी घरांनी सुट्टीत खेळलेला आहे. पाटावर अक्षरं, मधे उपडी वाटी, वाटीवर तिघाचौघांची बोटं, आणि ‘मी ढकलत नाही’ अशा सगळ्यांच्या शपथा. इंग्लंडमध्ये टेबलावर हात ठेवून ते आपोआप फिरतं का हे पाहण्याच्या अशाच खेळाची साथ आली, तेव्हा १८५३ साली शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने ती गंभीरपणे तपासली. त्याने पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवून मऊ लुकणाने सैलसर चिकटवले आणि ते टेबल व हात यांच्यामध्ये ठेवले. टेबल आपणहून सरकत असतं तर खालचा पुठ्ठा आधी हलला असता. हलला तो वरचा. हात ढकलत होते, आणि हातवाल्यांना त्याचा पत्ता नव्हता. पुढे हातांची हालचाल दाखवणारा काटा समोर ठेवला, तेव्हा टेबल फिरायचंच थांबलं.

पण शास्त्राच्या नावाखाली आलेलं उत्तरही तपासूनच घ्यावं लागतं. १९८०च्या दशकात विक टँडी हा इंग्रज अभियंता ज्या प्रयोगशाळेत काम करायचा, तिथे लोकांना उगाच धास्ती वाटायची. एका रात्री त्यालाही घाम फुटला आणि डोळ्याच्या कडेला एक करडी आकृती दिसली. मान वळवताच ती नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या तलवारबाजीचं पातं शेगड्यात आवळलं, तर ते आपोआप थरथरू लागलं. नव्या पंख्यामुळे खोलीत सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा, कानाला न ऐकू येणारा आवाज घुमत होता. पंख्याची बैठक बदलली, धास्ती गेली. उत्तर इतकं देखणं की ते खरंच असावं असं वाटतं. मात्र पुढे लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ ख्रिस फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी मुद्दाम एक खोली उभारून तसाच आवाज सोडून पाहिला. अनेकांना विचित्र अनुभव आले, पण आवाज चालू असण्या-नसण्याशी त्यांचा मेळ बसला नाही. ‘इथे काहीतरी वाटू शकतं’ ही आधी दिलेली कल्पनाच पुरेशी ठरली असावी.

झोपेत छातीवर कुणीतरी बसतं, हाक मारायला तोंड उघडत नाही, हा अनुभव तर जगभरचा आहे. स्वप्नाच्या झोपेत शरीराचे स्नायू लुळे पडलेले असतात आणि कधी कधी ते पूर्ववत होण्याआधीच मेंदू जागा होतो. शंभरात सात-आठ जणांना आयुष्यात कधी ना कधी हे होतं.

छातीवर बसणारं ते कुणीतरी आपल्याकडे मुंजा का होतं, हे स्नायू सांगत नाहीत. मुंज झाली पण सोडमुंजीआधी गेलेला मुलगा, तो मुंजा. बाळंतपणात दगावलेली बाई, ती हडळ. निपुत्रिक गेलेला, धनाची राखण करणारा तो समंध. जुन्या गावात कोण अवेळी मरत होतं आणि कुणाच्या मरणाची बोच मागे उरत होती, ते या नावांत नोंदलेलं आहे. हडळीची धास्ती घेणाऱ्या गावाने किती बाळंतिणी गमावल्या असतील, हा विचार मला भुतापेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

आणि झपाटलेली म्हणून जिला साखळदंडाने बांधतात, मारतात, मिरचीची धुरी देतात, ती बाई तर जिवंत असते. असे प्रकार रोखणाऱ्या कायद्यासाठी झगडणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर लगेच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी ही मारहाण आता गुन्हा आहे. गोष्टी सांगायला आणि ऐकायला कायद्याची कसलीच आडकाठी नाही. मी त्या ऐकतोच, आणि मधेमधे विचारतो: आभाळ होतं का, झोप झाली होती का, त्या जागेबद्दल आधी काही कानावर आलं होतं का? आणि कुणी झपाटल्याची गोष्ट असेल तर सगळ्यात आधी हे विचारतो, की तिला डॉक्टरकडे कुणी नेलं का.