डाकार पूर्ण केलेली चिनी बाईक आपल्या घाटीत चालेल का?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा बसमध्ये हेडफोन विसरतात, त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला भाग. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त "अं", "म्हणजे काय" वगैरे काढून टाकलंय.

कणकवलीच्या एका श्रोत्याने व्हॉइस मेसेज पाठवला होता. तीन वर्षं पैसे साठवलेत, साडेचार लाख झालेत. यूट्यूबवर कोव्ह ४५० रॅली बघितली आणि डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही. कोणीतरी त्याला सांगितलंय की "बाहेरून आणून देतो, पन्नास हजार ॲडव्हान्स टाक". त्याचा प्रश्न एकच होता, "दादा, टाकू का?"

उत्तर आधी देऊन टाकतो: टाकू नकोस. पण "चायना माल आहे म्हणून नको" हे त्याचं कारण नाही. गाडी चांगली आहे, आणि चांगली असूनही आत्ता ती तुझ्यासाठी नाही. कशी ते आज बघू.

आधी गाडीची ओळख. कोव्ह ही चिनी कंपनी. तिचा संस्थापक झांग श्वे. ४५० रॅली २०२२ च्या शेवटी मिलानच्या मोटरसायकल प्रदर्शनात जगासमोर आली, आणि लगेच जानेवारी २०२३ मध्ये संपलेल्या डाकार रॅलीत कंपनीने तीन गाड्या उतरवल्या. तिन्ही शेवटपर्यंत पोचल्या. डाकार म्हणजे सौदीच्या वाळवंटात दोन आठवडे, हजारो किलोमीटर. पहिल्याच वर्षी तीनपैकी तीन गाड्या पोचणं ही साधी गोष्ट नाही राव. पुढे २०२४ मध्ये झांग श्वे कोव्ह सोडून गेला आणि त्याने स्वतःच्या नावाची नवी कंपनी काढली. ज्याच्या वेडापायी गाडी बनली तोच माणूस आता तिथे नाही, एवढं लक्षात ठेवा.

डाकारला मोटरसायकलचं इंजिन ४५० सीसीच्या आत लागतं. म्हणून हा आकडा सगळीकडे दिसतो. मोठ्या युरोपियन कंपन्यांच्या तयार रॅली गाड्यांची किंमत कोव्हच्या दोन-तीन पट असते. कोव्ह अमेरिकेत साधारण ९ हजार डॉलरला विकायला आली, तिथे नंबरप्लेट लावून रस्त्यावर चालवता येते. एवढा गाजावाजा त्यामुळेच झाला.

आता "डाकार पूर्ण केली" याचा आपल्याला उपयोग किती? थोडासाच. इंजिन आणि फ्रेम तुटली नाही, हे त्यावरून कळतं. पण डाकारमध्ये रोज रात्री गाडी उघडून बघायला मेकॅनिक असतात, सोबत पार्ट्सने भरलेला ट्रक असतो. कुडाळात कोण आहे? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर डेमो यशस्वी झाला. पाच वर्षं सपोर्ट कोण देणार, हा प्रश्न वेगळा.

चिनी दर्जाबद्दल दोन गोष्टी, कारण हा विषय निघाला की आपल्याकडे लगेच भांडणं लागतात. सीएफमोटो ही चिनी कंपनी केटीएमसाठी ७९० ची इंजिनं बनवते. बेनेली इटालियन वाटते, पण २००५ पासून तिची मालकी चीनच्या चियानजियांगकडे आहे. मोटो मोरिनीचंही तसंच, मालक चिनी. म्हणजे टीआरके ५०२ किंवा एक्स-केपवर बसून जो "इटालियन गाडी" म्हणून मिरवतो, तो चिनी गाडीच चालवतोय, आणि ती चालतेही. दुसरी बाजू व्हिएतनामची. २००० च्या आसपास तिथे स्वस्त चिनी गाड्यांचा पूर आला होता. २००२ मध्ये होंडाने वेव्ह अल्फा स्वस्तात उतरवली आणि तो पूर ओसरला, कारण लोकांना गाडी टिकायला हवी होती. तेव्हाचा चीन आणि आत्ताचा चीन वेगळा, पण माणसाची गरज तीच आहे.

चला, आता स्पेसिफिकेशन शीट. रिझ्युमे वाचतो तशी ही शीट वाचायची. लिहिलेलं खोटं नसतं, पण आपल्या कामाचं काय ते आपणच शोधायचं.

सीटची उंची ९६० मिलिमीटर. माझ्याकडे एक्सपल्स २०० आहे, तिची ८२५. हा फरक जवळजवळ साडेपाच इंच होतो. साडेपाच फूट उंचीच्या माणसाचा पाय आतून मोजला तर ७७-७८ सेंटीमीटर भरतो. जाड तळव्याचे बूट घातले तर ८१-८२. आता कोणी म्हणेल, बसल्यावर गाडी खाली दबते की! दबते, खरंय. त्याला सॅग म्हणतात. ऑफरोड गाडीत चालक बसल्यावर सस्पेन्शनच्या एकूण हालचालीचा साधारण एक तृतीयांश भाग वापरला जावा असं सेटिंग करतात. ३०० मिलिमीटरचं सस्पेन्शन असेल तर १००. पण त्यातला थोडा भाग गाडी स्वतःच्या वजनानेच आधी खाऊन बसलेली असते. उरतात साठ-सत्तर मिलिमीटर. म्हणजे सीट आली ८९० च्या आसपास, आणि पाय ८२० चा. अंगठा टेकतो, तोही कंबर एका बाजूला सरकवून.

वाळवंटात त्याने काही बिघडत नाही, तिथे थांबायचं कुठे असतं? आपल्याकडे दर दोनशे मीटरला थांबायचं असतं. समोरून म्हैस येते, पाणंदीत टेम्पो उलटा येतो, कोणीतरी आजी कुंपणापलीकडून विचारते, "खंय चललास रे?" उताराच्या बाजूला पाय टाकलात आणि तिथे जमीन चार इंच खाली असेल तर गाडी आडवी. कुठलीही उंच गाडी घेताना आमच्याकडे पहिला प्रश्न हाच, "पाय टेकतत काय?" हसू नका, सगळ्यात महत्त्वाचा तांत्रिक प्रश्न तोच आहे.

वजन. कंपनी १४५ किलो सांगते, पण ते ड्राय वेट, म्हणजे पेट्रोल न धरता. गाडीला पुढे-मागे मिळून तीन टाक्या आहेत, एकूण सुमारे ३० लिटर. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं. म्हणजे टाक्या भरल्या की २२ किलो वाढले, वर ऑइल, कूलंट. गाडी १७० च्या आसपास जाते. तरीही हिमालयन ४५० पेक्षा हलकी, ती १९६ किलो आहे. इथे कोव्हला पूर्ण मार्क.

पण ३० लिटर हवेत कशाला? लिटरला २० किलोमीटर धरले तरी ६०० किलोमीटर होतात. सिंधुदुर्गाचा अख्खा किनारा १२० किलोमीटरच्या आसपास. एका टाकीत विजयदुर्ग ते रेडी चार-पाच वेळा होईल. रॅलीत पंप नसतात म्हणून ती सोय केलेली आहे. इथे दहा लिटर भरा, मालवणहून आंबोली जाऊन या, तरी पेट्रोल उरेल. आणि वर-पुढे असलेल्या टाक्या रिकाम्या असल्या की गाडी वळवायला हलकी लागते. जो कोणी ही गाडी कधी चालवेल त्याने हे करून बघावंच.

आता जमीन. आपला जांभा हा दगड फसवा आहे. एप्रिल-मे मध्ये सड्यावर लाल, गोल खडे सुटतात, गोट्यांवरून चालल्यासारखं चाक सरकतं. जून उजाडला की त्याच दगडावर शेवाळ येतं आणि बर्फ परवडला असं वाटतं. जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे वर्षातले चार महिने ही अवस्था. कोव्हचं इंजिन चाळीसहून जास्त अश्वशक्तीचं, आणि जोर येतो तो वरच्या फेऱ्यांना. शेवाळलेल्या घाटीत तुमचा वेग असतो ताशी १५. तिथे हवा असतो खालच्या फेऱ्यांना हळूहळू येणारा जोर, आणि पहिला गिअर असा की क्लच न दाबता गाडी रांगेल. यावर एक स्वस्त इलाज आहे: पुढचं स्प्रॉकेट एक दात लहान. १३ चं १२ केलं तर चाकावरचा जोर सुमारे ८ टक्के वाढतो, टॉप स्पीड तेवढाच कमी होतो. हा इलाज कुठल्याही गाडीला चालतो, तुमच्या आत्ताच्या गाडीलासुद्धा.

सस्पेन्शनबद्दल मात्र वाद नाही. सुमारे ३०० मिलिमीटरची हालचाल, पुढे २१ आणि मागे १८ इंची चाक. चिरेखाणीच्या रस्त्यावर ट्रकने पाडलेले जे चर असतात ना, त्यात ही गाडी हसत जाईल. माझी गाडी तिथे ठोकर देते. फक्त एवढं लांब सस्पेन्शन वेगासाठी बनवलेलं असतं, त्यामुळे सावकाश चालवणाऱ्या हलक्या माणसाला ते कडक लागू शकतं. स्प्रिंग आपल्या वजनाची आहे का, हे विचारल्याशिवाय "३०० मिलिमीटर" या आकड्यावर भाळू नका.

आणि खारं वारं! ते कुठल्याच शीटमध्ये नसतं. मालवणात समुद्रापासून पाचशे मीटरवर गाडी उभी केली की चेन, स्पोक, रेडिएटरच्या पातळ पट्ट्या, वायरचे जोड सगळ्यांना हिरवा-तांबडा रंग चढतो. त्यावर उपाय म्हणजे गोड्या पाण्याने धुणं, चेनला तेल, जोडांमध्ये ग्रीस. ते केलं तरी तीन-चार वर्षांत काहीतरी बदलावं लागतंच. क्लचची केबल कुडाळात मिळेल. त्याच गाडीचा रेडिएटर, सेन्सर, वायरिंग कुठून आणणार? ही गाडी आपल्याकडे अधिकृतपणे विकायलाच नाही, तर पार्टचा डबा कोणत्या दुकानात असणार?

आता पैशाचं गणित. ढोबळ करतो, अमेरिकेतली किंमत धरून. ९ हजार डॉलर म्हणजे साडेसात लाखांच्या पुढे. तयार गाडी आयात केली तर या आकाराच्या मोटरसायकलवर सीमाशुल्क ४० टक्के, २०२५ च्या बजेटमध्ये ते ५० वरून कमी झालं. झाले साडेदहा लाख. त्यावर ३५० सीसीच्या वरच्या गाडीला २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के. पंधरा लाखांच्या जवळ गेलो, आणि अजून आरटीओचा कर, विमा, वाहतूक बाकी. चीनमधला मूळ भाव कमी असेल, तरी साडेचार लाखांत ही गाडी सरळ मार्गाने येणं कठीण आहे.

मग तो माणूस कशी आणून देणार? एकतर देणारच नाही, पन्नास हजार घेऊन नंबर बंद. किंवा कागदाशिवाय आणेल. कागदाशिवाय गाडीची नोंदणी नाही, नोंदणी नाही तर विमा नाही. उद्या कट्ट्यावर कोणाला धक्का लागला तर नुकसानभरपाई तुमच्या खिशातून, म्हणजे खरं तर आईबाबांच्या आंब्याच्या कलमांतून. "ऑफरोडच तर चालवणार" हे उत्तर चालत नाही, कारण घरापासून सड्यापर्यंत सार्वजनिक रस्ताच आहे. कावासाकीची केएक्स इथे शोरूममधून विकत मिळते, तीसुद्धा फक्त ट्रॅकसाठी असते. तिला नंबर मिळत नाही, ती पिकअपमध्ये घालून न्यावी लागते.

साडेचार लाखांत आज काय मिळतं? हिमालयन ४५०, ४० अश्वशक्ती, सीट ८२५. वजन जास्त, पण कोल्हापूर किंवा गोव्यापर्यंत कुठेही बंद पडली तर माणूस मिळतो. केटीएमची ३९० एंड्युरो आर चाकणला बनते, रॅली गाडीच्या स्वभावाला सगळ्यात जवळची तीच, पण टाकी ९ लिटरची. एक्सपल्स २१० घेतली तर निम्म्याहून जास्त पैसे उरतात. माझं मत विचाराल तर शेवटची. उरलेल्या पैशांत चांगले बूट, गुडघ्याचे पॅड, पाठीचं कवच, आणि दोन-तीन दिवसांचं ऑफरोड प्रशिक्षण. हरिथ नोआ या केरळच्या पोराने २०२४ मध्ये डाकारचा रॅली-२ गट जिंकला. सुरुवात मोटोक्रॉसच्या ट्रॅकवरून केली, ४५० नंतर आली.

एक गोष्ट मूळ प्रश्नात नव्हती, पण मला सांगायचीय. रॅली गाडी म्हटली की सगळ्यांच्या डोक्यात रील येते: तळाशीलच्या वाळूत मागचं चाक फिरवत धुरळा. पुळणीवर गाडी घालू नका. तिथे गाडी न्यायला बंदी आहे, आणि वेंगुर्ल्याच्या वायंगणीसारख्या पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, वाळूखाली काय आहे ते वरून कळत नाही. सड्याचंही तेच. आचऱ्याजवळच्या कुडोपीचा सडा बघितलाय का? तिथली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. जांभ्यावर काही हजार वर्षांपूर्वी कोरलेली रेघ बोटभर खोल असते, नॉबी टायरला ती खाण्यासाठी एक दुपार पुरते. मोकळं माळरान दिसलं म्हणजे ते मोकळं आहेच असं नाही. त्यापेक्षा ओळखीच्या माणसाची बंद पडलेली चिरेखाण विचारून घ्या. उन्हाळ्यात तिथे चढ, उतार, सुटे खडे सगळं एका जागी मिळतं, आणि पडलात तर बघायला फक्त मालक असतो. पावसात मात्र खड्ड्यात पाणी भरतं, तेव्हा जाऊ नका.

श्रोत्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "पण कंपनी उद्या अधिकृत आली तर?" आली तर तीन गोष्टी विचार. कोल्हापूर किंवा पणजीत सर्व्हिस सेंटर आहे का? क्लच प्लेट आणि रेडिएटर किती दिवसांत मिळतील, हे ते लिहून देतात का? आणि कमी उंचीची आवृत्ती आणणार आहेत का? तिन्हींना "हो" आलं तर मला फोन कर, टेस्ट राइडला दोघं जाऊ. पन्नास हजार अजून त्याच्या खात्यातच आहेत, कालच मेसेज आला.

पुढच्या भागात ट्यूबलेस की ट्यूबवाला टायर, यावर बोलू. त्यासाठी कट्ट्यावरच्या आमच्या पंक्चरवाल्या काकांना माइकसमोर बसवायचं ठरलंय, ते तयार झाले तर.