जिनेट नव्होचा ब्राम्स
ब्राम्सचा व्हायोलिन कन्चेर्टो ऐकायचाय? मग फ्रेंच व्हायोलिनवादक जिनेट नव्होचं ३ मे १९४८ चं लाइव्ह रेकॉर्डिंग ऐकाच. स्थळ हॅम्बुर्ग, म्हणजे ब्राम्सचं जन्मगाव. संचालन हान्स श्मिट-इसरस्टेटचं. आवाज जुना, मोनो. पण ऑर्केस्ट्राची लांबलचक प्रस्तावना संपते आणि ही बाई अक्षरशः तुटून पडते! दुसऱ्या भागात मुख्य सुरावट आधी ओबोकडे. व्हायोलिनने मुकाट थांबायचं. (व्हायोलिनवादक सारासातेला म्हणे हेच खटकायचं.) शेवटच्या भागातला हंगेरियन ठसका खास ब्राम्सचा व्हायोलिनवादक मित्र योआखिमसाठी.

१९३५ च्या विएन्याव्स्की व्हायोलिन स्पर्धेत पंधरा वर्षांच्या नव्होने रशियन व्हायोलिनवादक ओइस्त्राखला मागे टाकलं होतं. ऑक्टोबर १९४९ मध्ये अझोरेस बेटांवरच्या विमान अपघातात ती गेली, अवघ्या तिशीत. त्यामुळे तिची रेकॉर्डिंग्ज मोजकीच. ब्राम्सचंच १९४६ चं स्टुडिओतलंही आहे, पण माझं मत हॅम्बुर्गला.