पुन्हा उचललेला प्याला

राम गणेश गडकरींच्या ‘एकच प्याला’ नाटकातला सुधाकर मधे एकदा दारू सोडतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. नाटकाचं नाव घेतलं की दारुड्या तळीरामाने पुढे केलेला पहिला प्याला आठवतो, नाहीतर जात्यावर दळण दळणारी त्याची बायको सिंधू. पण सुधाकर, हा हुशार वकील, खरोखर शपथ घेतो, ओळखीपाळखीच्या लोकांकडे कामासाठी जातो, अपमान गिळून परततो आणि पुन्हा पितो. गडकरी २३ जानेवारी १९१९ला गेले. पुढच्याच महिन्यात गंधर्व मंडळीने बडोद्यात हे नाटक रंगभूमीवर आणलं. शपथ मोडल्यावर माणसाचं काय होतं, हे त्यात इतकं नेमकं उतरलंय की आजही वाचताना पोटात कालवतं. घसरलेल्या सुधाकरला मात्र पुन्हा सावरता येत नाही.

पुढच्या शंभर वर्षांतली व्यसनमुक्तीची पुस्तकं या घसरणीभोवतीच फिरत राहिली.

१९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोन दारुडे भेटले. डॉ. बॉबनी दारू सोडली, पण वैद्यकीय परिषदेला गेले ते पिऊनच परतले. त्यानंतरचा त्यांचा शेवटचा घोट १० जूनचा, आणि तोच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेचा स्थापनादिवस मानला जातो. १९३९मध्ये त्यांचं ‘बिग बुक’ आलं तेव्हा सभासद जेमतेम शंभर होते. त्या पुस्तकाचं बळ, आधी माणसं जमली आणि मग ते लिहिलं गेलं, यात आहे.

१९८५ साली मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी या घसरणीवरच अख्खा ग्रंथ काढला. एक घोट माणसाला बुडवत नाही. ‘आता सगळं संपलंच’ ही शरम त्याला पुढच्या बाटलीकडे ढकलते, असं त्यांनी मांडलं.

त्याच सुमारास अनिल अवचट पुण्यामुंबईतल्या ब्राउन शुगर या अमली पदार्थाच्या विळख्यातल्या पोरांबद्दल लिहीत होते. ते लेखन ‘गर्द’मध्ये आहे. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे इतके हलले की त्यांनी पैसा उभा केला, आणि २९ ऑगस्ट १९८६ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा अवचट त्या मनोरुग्णालयातल्याच मानसोपचारतज्ज्ञ. बाहेर पडलेल्यांसाठी पाठपुराव्याच्या बैठका आणि बायकांसाठी ‘सहचरी’ गट इथे रुजले. सिंधूला असा गट मिळाला असता तर, हा विचार मनातून जात नाही. मराठीत एखाद्या लेखनाने इतकं प्रत्यक्ष काम उभं केल्याची उदाहरणं फार नाहीत.

अलीकडे दुकानांत सवयींच्या पुस्तकांची चळत असते. जेम्स क्लिअरचं ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’ (२०१८) मराठीतही वाचलं जातं. एकदा चुकलं तर चालेल, सलग दोनदा चुकू नका, हा त्यातला सल्ला मार्लॅटच्या वाटेनेच जातो. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. व्यायामाला, वाचनाला ही पुस्तकं मनापासून उपयोगी आहेत. पण वर्षानुवर्षं पिणाऱ्याने एकट्याने, नुसत्या पुस्तकाच्या भरवशावर दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. त्याला आधी डॉक्टर हवा, आणि मग बैठकीला सोबत येणारं कोणीतरी.