पडलेल्या माणसाला उचलण्याची घाई नको

विहिरीतून मोटर काढायला उतरलेला गडी दोर सुटून कपारीवर आदळतो. चिंचा झोडपायला चढलेल्याच्या पायाखालची फांदी मोडते. उसाची ट्रॉली बांधावर उलटते. श्रीगोंदा असो, नेवासा असो की अकोले, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला असे अपघात नवे नाहीत. लोक धावतात. 'धरा रे, उचला' म्हणत एक जण काखेत हात घालतो, दुसरा पाय धरतो आणि जखमीला दोघांच्या मधे मोटारसायकलवर बसवून दवाखाना गाठतात. मदतीची तळमळ खरी, पण या घाईत धडधाकट माणूस जन्मभर अंथरुणाला खिळू शकतो. तो कसा, हे समजायला मेंदू आणि मज्जारज्जूची रचना थोडी माहीत हवी.

मेंदूचा कारभार

मोठ्या माणसाच्या मेंदूचे वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम असते. शरीराच्या मानाने ते पन्नासाव्या हिश्श्याइतकेच, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. त्याचे मुख्य भाग तीन. मोठा मेंदू विचार करतो, आठवण ठेवतो, हातापायांना हुकूम देतो. त्याच्या उजव्या अर्ध्याचा ताबा डाव्या अंगावर आणि डाव्याचा उजव्या अंगावर असतो. मागच्या बाजूचा लहान मेंदू तोल सांभाळतो. डोक्यावर भारा घेऊन अरुंद बांधावरून चालता येते ते त्याच्यामुळे. तिसरा भाग म्हणजे मेंदूचा देठ. श्वास आणि हृदयाचे ठोके यांच्यावर त्याची देखरेख रात्रंदिवस, आपण झोपलो तरी चालू असते.

या देठाखाली मज्जारज्जू सुरू होतो. शाळेच्या पुस्तकात त्यालाच मेरुरज्जू म्हणतात. जाडी करंगळीएवढी, लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. मणक्यांच्या पोकळीतून तो कमरेच्या वरच्या मणक्यांपर्यंत उतरतो आणि त्याला नसांच्या ३१ जोड्या फुटतात. मेंदूचा हुकूम याच वाटेने खाली जातो आणि पायात काटा मोडल्याची खबर याच वाटेने वर जाते. काही कामे तर तो मेंदूला न विचारता करतो. तापल्या तव्याला बोट लागले की हात आधी मागे येतो, चटका नंतर कळतो.

मणका मोडला, पण रज्जू शाबूत

उंचावरून पडल्यावर मणका मोडतो किंवा सरकतो. तरी आतला रज्जू कित्येकदा वाचलेला असतो. अशा वेळी मान लोंबू दिली, पाठ वाकवली, तर सरकलेले हाड रज्जूवर दाबते. मोटरची केबल तुटली तर जोड मारता येतो. मज्जारज्जू तुटला तर तो पूर्ववत जोडण्याचा इलाज आजही डॉक्टरांच्या हाती नाही. इजा पाठीत असेल तर पाय जातात, लघवी-संडासवरचा ताबा जातो. मानेत असेल तर हातही जातात आणि फार वर असेल तर श्वासच बंद पडतो.

मग करायचे काय?

आधी १०८ ला फोन लावा. २०१४ पासून ही रुग्णवाहिका राज्यभर आहे. गाव, वस्ती आणि जवळची ओळखीची खूण नीट सांगा. जखमीला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोके स्थिर धरावे. पायाची बोटे हलतात का, स्पर्श कळतो का, हे विचारा. पण बोटे हलली म्हणजे धोका टळला असे समजू नका. ओकारी आली तर डोके, मान, पाठ एका रेषेत ठेवून सगळे अंग एकदम कुशीवर वळवा.

पाणी, आग किंवा ढासळती दरड असेल तर मात्र हलवावेच लागते. तेव्हा चार-पाच जणांनी, डोके धरणाऱ्याच्या एका शब्दावर, लाकडाचा ओंडका वळवावा तसे सगळे अंग एकदम वळवून सपाट फळीवर घ्यावे. बाज चालत नाही, तिला झोळ पडतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना कपड्याच्या गुंडाळ्या लावा आणि अंग फळीला बांधा.

हे गावकऱ्यांना जमेल का, अशी शंका घेऊ नका. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तिथे अक्षरओळखही नसलेल्या बाया आरोग्यसेविका झाल्या, बाळंतपणे करू लागल्या. त्या मानाने फळीवर माणूस घेणे अवघड नाही.

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांनी एवढे मनावर घ्यावे. सहा फुटांची एक मजबूत फळी आणि बांधायला पट्टे ग्रामपंचायतीत ठेवावेत. पुढच्या ग्रामसभेला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलावून तरुण पोरांकडून हे प्रत्यक्ष करवून घ्यावे. खर्च फळीचा, वेळ अर्ध्या तासाचा.