महाकाय कासवाची चौकट
(लेखांक नववा)

मागील लेखांकात भिंगांविषयी जे विवेचन केले, त्याची कसोटी पाहावयाची असेल तर विषुववृत्तावरील गॅलापागोस द्वीपसमूहातील महाकाय कासवांइतका योग्य विषय क्वचितच सापडेल. कारण ज्याचे वजन अडीचशे किलोग्रॅमांच्याही पुढे जाते आणि जो पळून जाण्याची तसदी घेत नाही, अशा प्राण्याच्या अगदी निकट जाऊन सारी चौकट त्यानेच भरून टाकावी, हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. चौकट अशी भरली म्हणजे मात्र त्याचे महाकायत्वच लोप पावते. ते कवच हातभर लांब आहे की पुरुषभर, हे ठरविण्यास चित्रात साधनच उरत नाही.

१९५९ साली स्थापन झालेल्या तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या नियमांन्वये प्राण्यापासून दोन मीटर दूर राहावे लागते आणि फ्लॅशच्या वापरास सक्त मनाई आहे. हा हुकूम कित्येकांना जाचक वाटतो; मला तो रचनेच्या दृष्टीने उपकारकच वाटतो. कासवाचे डोके कॅमेऱ्यापासून अर्ध्या मीटरवर आणि कवचाची मागील कड दीड मीटरवर असेल, तर डोके प्रमाणाच्या तिप्पट मोठे दिसून बिचारे कवच त्यामागे आक्रसते. दोन मीटरांवरून तीच तफावत दीडपटीवर येते, आणि डोंगरासारखी पाठ पुन्हा डोंगरासारखी दिसू लागते.

अंतराइतकेच महत्त्व उंचीला आहे. उभ्याने खाली पाहून टिपलेले कासव गवतात पडलेल्या धोंड्याहून फारसे वेगळे दिसत नाही. कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या पातळीस नेला, म्हणजे छायाचित्रकाराने चिखलाची पर्वा न करता सरळ आडवे व्हावे, की कवच क्षितिजाच्या वर चढते. मात्र हे सारे त्याच्या वाटेपासून बाजूला राहून करावे. दचकलेले कासव डोके आत ओढताना फुप्फुसांतील हवा फूत्कारासह बाहेर टाकते, आणि तो फूत्कार ऐकू आला की पुढील बराच वेळ टिपण्याजोगी मान उरत नाही. उलट, एखादा फिंच पक्षी समोर उड्या मारू लागला, तर तेच कासव चारी पाय ताठ करून मान लांबविते आणि त्याला गोचिडी वेचू देते. मुठीत मावेल असा तो पक्षी चौकटीत आला की आकाराची साक्ष देण्यास दुसऱ्या कोणाची गरज राहत नाही.

चौकट आडवी की उभी, याचा निकाल पुष्कळदा बेटच देते. सांताक्रूझच्या दमट, गवताळ उंचवट्यावरील कासवे घुमटाकार पाठीची, खाली वाकून चरणारी. त्यांना आडवी चौकट शोभते. एस्पान्योलासारख्या शुष्क बेटावरील कासवांचे कवच मानेपाशी खोगिरासारखे उचललेले असते, त्यामुळे ती निवडुंगाच्या उंच फांद्यांपर्यंत मान नेऊ शकतात. त्यांना आडव्या चौकटीत कोंबणे हा अन्यायच. १८३५ साली या द्वीपसमूहात गेलेल्या डार्विनला तेथील उपराज्यपाल लॉसन यांनी सांगितले होते की, कासव पाहून ते कोणत्या बेटाचे हे आपण ओळखू शकतो. पिंटा बेटावरील अखेरचे कासव, २०१२ मध्ये निवर्तलेला ‘लोनसम जॉर्ज’, याचे शरीर जतन करणाऱ्या कारागिरांनीही त्याची मान उंच ताणलेलीच ठेवली. त्यांची ही तजवीज अचूक होती. त्या कवचाचे प्रयोजनच त्या मानेत आहे.

प्रकाशाविषयी थोडेच सांगतो. माध्यान्हीच्या उन्हात कवच चकाकते आणि त्याखाली डोळा काळोखात बुडतो. जूननंतरच्या महिन्यांत उंचवट्यावर जी झिरमिर व धुके असते, त्यातील मऊ उजेड पर्यटकांना कंटाळवाणा वाटला तरी कातडीची प्रत्येक सुरकुती उलगडून दाखवितो. अशा वेळी पांढुरके आकाश चौकटीत फार आले तर प्रकाशमापक फसतो व कासव काळेठिक्कर उमटते. म्हणून प्रकाश मापकाच्या हिशेबापेक्षा अर्धा-एक टप्पा अधिक द्यावा, छिद्र एफ-८ च्या आसपास ठेवावे आणि फोकस डोळ्यावरच साधावा. काळ्या लाव्ह्यावर बसलेल्या काळ्या सागरी इग्वानांपुढे मात्र हाच हिशेब उलटा करावा लागतो. त्याचा विचार पुढील लेखांकात करू.