मंडप उतरल्यावर आळीची राखण कोणाची?

भाद्रपद शुद्ध चतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत शहरातील आळ्या रात्रीही जाग्या असतात. सार्वजनिक मंडपात मूर्तीपाशी दोघे-चौघे कार्यकर्ते आळीपाळीने बसतात, समईत तेल घालतात, मधूनच पत्त्यांचा डावही मांडतात. आणि न ठरविताच साऱ्या वस्तीची राखण करतात. अनोळखी माणूस जिन्यापाशी घुटमळू लागला की ‘कोण पाहिजे?’ हा प्रश्न हमखास येतो. उशिरा कामावरून परतणारी लेक उजेडातून घरी पोहोचते. पुढे मंडप उतरतो, आणि ती लेक पुन्हा अंधारातून येऊ लागते.

आपल्या खेड्यांना वेस असे आणि वेशीवर मारुती असे. शहराला वेस उरली नाही. राखणीचा सारा भार आपण पोलिसांवर टाकला आणि दाराला आणखी एक कडी बसवून निश्चिंत झालो. पण ज्या शिपायाला वस्तीतील एकही माणूस नावाने ठाऊक नाही, त्याने राखण तरी कशी करावी?

या प्रश्नाचे एक उत्तर भिवंडीने दिले आहे. यंत्रमागांचे हे गाव. मे १९७० मध्ये तेथे शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल उसळली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमावा लागला. १९८४ साली गाव पुन्हा होरपळले. उत्सव जवळ आला की घरोघरी आनंदाऐवजी धास्ती शिरावी, याहून मोठे विघ्न कोणते? १९८८ साली पोलीस उपायुक्त म्हणून तेथे आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. समितीत हिंदू आणि मुसलमान दोघेही, आणि सोबत त्या भागाचा पोलीस. बैठका दंगलीनंतर नव्हे, एरवीच्या शांत दिवसांत भरत. शेजाऱ्यांच्या बारीकसारीक कुरबुरी तेथेच मिटत, आणि अफवा उठली तर ती खरी की खोटी हे विचारावयास ओळखीचा माणूस असे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना जवळची भिवंडी शांत राहिली. ज्या गावाची सर्वांना धास्ती, तेच वाचले!

पुढे मुंबईतही तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश सहानी आणि माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली. पोलीस आणि वस्तीतील तरुण क्रिकेटच्या मैदानावर एकत्र आले.

आपल्या मंडळांजवळ तरुण आहेत, घरोघरची ओळख आहे, जागरणाची सवयही आहे. मात्र वर्गणीसाठी दुकानदारास दमदाटी करणाऱ्या मंडळाने राखणदारीची भाषा करू नये. तेथे भय बाहेरून यावयास नकोच. सापडलेल्या संशयितास जमावाने बदडणे हीसुद्धा राखण नव्हे, तो गुन्हाच. अशा वेळी ११२ क्रमांक फिरवावा आणि माणूस धडधाकट पोलिसांच्या स्वाधीन करावा.

यंदा उत्तरपूजेआधी, आरतीला सारी आळी जमलेली असतानाच एवढे ठरवून घ्यावे : जिन्यातला दिवा कोणी पाहावा, एकट्या राहणाऱ्या आजींच्या दारावर सकाळी कोणी हाक द्यावी, आणि आपल्या भागाच्या हवालदारास प्रसादाला बोलावण्यास कोणी जावे.